ज्युनियर वकिलाचा तास

जळगावच्या किंवा धुळ्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास जो कोणी घटकाभर उभा राहील, त्याच्या कानावर एक प्रश्न हमखास पडेल. "वकीलसाहेब, कितला पैसा लागतीन?" विचारणारा साक्रीचा असेल, पारोळ्याचा असेल, नाहीतर चोपड्याकडचा एखादा केळीवाला असेल. वकीलसाहेब आधी कागद मागतात, सातबारा पाहतात, समोरच्या बाजूने कोण वकील आहे ते विचारतात, पक्षकाराच्या पायांतल्या वहाणांकडेही हळूच एक नजर टाकतात, आणि मग एक आकडा सांगतात. त्यावर थोडी घासाघीस होते. निम्मे आता, निम्मे कापूस विकल्यावर असे ठरते आणि वकीलपत्रावर सही किंवा अंगठा होतो.

हे चालले असताना वकीलसाहेबांच्या मागे दोन पावलांवर काळ्या कोटातला एक तरुण फायलींचा गठ्ठा छातीशी धरून उभा असतो. दाव्याचा पहिला मसुदा तोच लिहिणार आहे. पुकारा झाला की धावत तोच जाणार आहे. नकलेचा अर्ज तोच देणार, मुदतीचा अर्जही तोच लिहिणार. पण ठरलेल्या आकड्यात त्याचा वाटा किती, हे पक्षकाराने विचारलेले नसते, वकीलसाहेबांनी सांगितलेले नसते, आणि त्या तरुणाला स्वतःलाही ठाऊक नसते. आज मी बोलणार आहे तो या तरुणाबद्दल, ज्याला आपण सगळे ज्युनियर म्हणतो त्याच्याबद्दल. त्याच्या कामाचा दर कोठे ठरतो, कसा ठरतो, आणि आपल्याकडे तो का ठरत नाही, हे पाहायचे आहे.

जेथे हा दर पै-पैशापर्यंत ठरवला जातो तेथून सुरुवात करतो. मुंबईत फोर्टापासून लोअर परळपर्यंत वकिलांच्या मोठ्या पेढ्या आहेत. क्रॉफर्ड बेली ही पेढी १८३० ची. लिटल आणि कंपनी १८५६ ची. अमरचंद मंगळदास १९१७ साली निघाली आणि २०१५ साली भावाभावांत वाटणी होऊन तिच्या दोन पेढ्या झाल्या. आपल्याकडे वकील म्हटला की एक माणूस, एक टेबल आणि एक कारकून डोळ्यांपुढे येतो. आजच्या सर्वांत मोठ्या पेढ्यांत मात्र शेकडो वकील काम करतात. वर भागीदार, त्यांच्या खाली पाच-दहा वर्षे मुरलेले वकील, आणि तळाला नुकतीच सनद घेतलेली मुले-मुली. त्यांचा पक्षकारही बहुधा बँक असतो, विमा कंपनी असते, किंवा दुसरा कारखाना विकत घ्यायला निघालेली एखादी कंपनी असते.

खानदेशातल्या श्रोत्यांना या पेढ्यांचा व्यवहार सालदाराच्या उदाहरणाने चटकन समजेल. आखाजीला सालदाराचे साल ठरते. वर्षाचे रोख किती, धान्य किती, कपडा-जोडा कसा, हे तोंडावर बोलून होते. पुढे त्या सालदाराच्या कष्टावर मालकाला शेतातून किती सुटते, तो हिशेब वेगळा. मोठ्या पेढीतल्या ज्युनियरचेही असेच दोन आकडे असतात. एक त्याचा पगार. दुसरा, त्याच्या नावाने पक्षकाराला लावायचा तासाचा दर. हे दोन आकडे एक नव्हेत, आणि या विषयावर बोलताना लोकांचा घोटाळा होतो तो येथेच. "बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या एका तासाचे एवढे हजार?" असे आपण म्हणतो, तेव्हा ते हजार त्या पोराच्या खिशात जातात असे धरून चालतो.

मग ते जातात कोठे? पेढ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. ज्युनियरने मिळवून दिलेल्या पैशाचे तीन भाग करायचे. एक भाग त्याच्या पगाराचा. एक भाग जागा, वीज, पुस्तके, संगणक, कारकून, विमा या खर्चाचा. तिसरा भाग भागीदारांच्या नफ्याचा. आता समजा, एका ज्युनियरचा वर्षाचा पगार १५ लाख रुपये आहे. नामांकित पेढ्यांत हल्ली नव्या मुलांना याहूनही अधिक मिळते. पण हिशेबाला हा आकडा सोपा. तिप्पट केले की ४५ लाख झाले. तो मुलगा वर्षात पक्षकारांच्या नावावर लिहिता येतील असे १८०० तास काम करील असे धरले, तर ४५ लाखांना १८०० ने भागायचे. दर आला तासाला २५०० रुपये. तो १५०० तासच भरेल असे धरले, तर तोच दर ३००० वर जातो. पाया एवढाच आहे. त्यावर मग बाजार पाहतात, शेजारच्या पेढीचा दर पाहतात, पक्षकार किती मोठा आणि किती घाईत आहे ते पाहतात, आणि आकडा वर-खाली सरकवतात. आपले वकीलसाहेब वहाणांकडे पाहतात, तसेच तेही पाहतात म्हणा ना. फक्त पाहण्याची रीत निराळी.

तास मोजण्याची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. तासाचे दहा तुकडे करतात, सहा-सहा मिनिटांचे. पक्षकाराचा फोन आला, चार मिनिटे बोलणे झाले, की एक तुकडा लिहिला. पत्र वाचले, दोन तुकडे. रात्री घरी जाण्यापूर्वी दिवसाचे असे सगळे तुकडे नोंदवून ठेवायचे. वर्षाअखेर कोणाचे किती तास भरले यावर बक्षीस ठरते, बढती ठरते. नोकरी टिकेल की नाही, तेही पुष्कळदा त्यावरच ठरते.

ही रीत इंग्रजांची असेल असे आपल्याला वाटते, पण ती वाढली अमेरिकेत. बोस्टनचे रेजिनाल्ड हीबर स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतकोरात वकिलाच्या वेळेची नोंद ठेवण्याची पद्धत रुजवली असे सांगतात. मौज अशी की हे गृहस्थ गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचे वकील होते, आणि १९१९ साली 'न्याय आणि गरीब' या अर्थाच्या नावाचे पुस्तक त्यांनीच लिहिले. पुढे १९५८ साली अमेरिकन बार असोसिएशनने एक पुस्तिका काढली. तिचा सूर असा की डॉक्टर आणि दंतवैद्य पुढे गेले आणि वकील मागे राहिले, कारण वकील वेळेचा हिशेब ठेवत नाहीत. वकिलाला वर्षात फी लावता येतील असे साधारण १३०० तास मिळतात, असे त्या पुस्तिकेत म्हटले होते. तोपर्यंत तिकडच्या वकील-संघटना अमक्या कामाला किमान इतकी फी अशी कोष्टके छापीत असत. १९७५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कोष्टके व्यापारस्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवली, आणि मग तासाचा हिशेब सर्वत्र पसरला. १३०० चे आज मोठ्या पेढ्यांत १९०० ते २००० झाले आहेत. न्यूयॉर्कच्या आघाडीच्या पेढ्यांत पहिल्या वर्षाच्या वकिलाचा पगार २०२३ च्या अखेरीस वर्षाला २ लाख २५ हजार डॉलरवर गेला. तिपटीचा हिशेब आपला आपण करावा.

इंग्लंडात तर न्यायव्यवस्थाच मार्गदर्शक दर प्रसिद्ध करते, म्हणजे हरलेल्या पक्षाकडून खर्च वसूल करताना किती मान्य करायचे याला आधार राहतो. २०२१ साली लंडनमधल्या बड्या व्यापारी कामांसाठी आठ वर्षांहून अधिक मुरलेल्या वकिलाचा तास ५१२ पौंडांचा धरला होता आणि शिकाऊ उमेदवाराचा १८६ पौंडांचा. हे दर नंतर वाढले. मला त्यातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही. शिकाऊ माणसाच्या तासालाही किंमत आहे, हे तेथे न्यायव्यवस्थेने छापून ठेवले आहे, हे महत्त्वाचे वाटते.

आता कोणी म्हणेल, शिकणाऱ्याचे पैसे पक्षकाराने का द्यावेत? प्रश्न रास्त आहे, आणि तो बड्या कंपन्यांनीही विचारला. अमेरिकेतल्या काही कंपन्यांनी पेढ्यांना साफ कळवले की पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वकिलांच्या तासांचे पैसे आम्ही देणार नाही. मुंबईतही पुष्कळ कामे आता ठोक रकमेवर किंवा कमाल मर्यादा घालून घेतली जातात. ज्युनियरने एका तासाच्या कामाला तीन तास लावले, तर बिल पाठवण्यापूर्वी भागीदार त्यातले दोन तास कापून टाकतो. म्हणजे शिकण्याचा खर्च थोडा पक्षकार उचलतो, थोडा पेढी उचलते. ज्युनियरचा पगार त्या महिन्यात कापला जात नाही. झोप कापली जाते, ती गोष्ट वेगळी.

हा तासाचा हिशेब येण्यापूर्वी कामागणिक मोबदला असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरचे बिल टॅक्सिंग मास्टर नावाचा अधिकारी कलमाकलमाने तपासून कापीत असे. इंग्लंडात एकेकाळी वकिलाच्या एका भेटीचे सहा शिलिंग आठ पेन्स ठरलेले होते. पौंडाचा बरोबर तिसरा भाग! जिल्ह्याच्या न्यायालयांतल्या वकिलांसाठी १९२० चा मुंबई प्लीडर्स कायदा आला. १९२६ च्या कायद्याने वकील आणि पक्षकार यांना आपसांत कराराने फी ठरवण्याची मुभा स्पष्ट केली. आजही दिवाणी दाव्याच्या हुकूमनाम्याखाली खर्चाचा तक्ता असतो आणि त्यात वकील फी म्हणून दाव्याच्या रकमेच्या मानाने एक आकडा पडतो. तो आकडा वाचून जिंकलेला पक्षकारही हसतो, कारण त्याने प्रत्यक्षात दिलेले त्याला माहीत असते.

पण या सगळ्या कोष्टकांत ज्युनियर कोठेच नव्हता. त्याने वाट पाहायची, एवढेच त्याचे काम. महात्मा गांधी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले तेव्हा मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिले काम मिळाले ते मामीबाईचे. फी ३० रुपये. दलालाला कमिशन द्यायला त्यांनी नकार दिला होता. उलटतपासणीला उभे राहिले आणि शब्दच फुटेना. काम सोडून दिले. त्या कामासाठी मग पटेल नावाच्या वकिलांना ५१ रुपये द्यावे लागले. हे गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. अननुभवी वकिलाचे ३० आणि सरावलेल्याचे ५१, हा त्या दिवशीचा बाजारभाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा सॉलिसिटर त्यांच्याकडे ब्रीफ द्यायला धजत नसत. कारण जात. तेच बाबासाहेब १९३७ साली एका खटल्याच्या कामासाठी आपल्या धुळ्याला आले आणि लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात उतरले. दरवर्षी ३१ जुलैला तेथे माणसांची रीघ लागते. त्या गर्दीत काळा कोट घालायची स्वप्ने पाहणारी मुले असतातच. त्यांच्यापुढे आज काय आहे, ते आता सांगतो.

जळगावच्या किंवा धुळ्याच्या विधी महाविद्यालयातून मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो. सनद घेतो. अखिल भारतीय वकिली परीक्षा देतो. मग ओळखीने एखाद्या सीनियरांकडे जातो आणि "साहेब, तुमच्याकडे बसू का?" असे विचारतो. शब्द ऐका, "बसू का". कामाला लागू का, असे तो म्हणत नाही. साहेब "बस" म्हणतात. पैशाचा विषय दोघेही काढत नाहीत; काढणे शिष्टाचाराला धरून नाही. मग तो सकाळी नऊला चेंबरमध्ये येतो, दिवसाचा बोर्ड पाहतो, पाच न्यायालयांत धावतो, साहेब दुसऱ्या न्यायालयात आहेत असे सांगून वेळ मागतो, पुरशीस देतो, निशाण्या टिपतो, संध्याकाळी मसुदे लिहितो. कधी उच्च न्यायालयाच्या कामासाठी कागद घेऊन कन्नडचा घाट चढून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जातो, कारण आपले तिन्ही खानदेशी जिल्हे त्या खंडपीठाखाली येतात. महिन्याच्या शेवटी पेट्रोलपुरते काहीतरी हातावर पडते. कधी पडत नाही.

माझे स्वतःचे पहिले वर्ष असेच गेले. माझ्या सीनियरांनी मला पुष्कळ शिकवले, ते ऋण मी नाकारीत नाही. पण त्या वर्षी मला मिळाले ते दिवाळीला एक पाकीट आणि मिठाईचा पुडा. बाकीचे अकरा महिने वडिलांनी चालवले. आमची थोडी कोरडवाहू जमीन होती. त्या वर्षीच्या कापसातून माझी खोली, माझी खानावळ आणि माझा काळा कोट निघाला. हे सांगताना मी सीनियरांना दोष देत होतो. पुढे माझ्याकडे ज्युनियर येऊ लागले, आणि मीही अगदी तेच केले. एकाही मुलाला मी महिन्याचा आकडा सांगितला नाही. आपण शिकवतो आहोत, हीच त्याची फी, असे मला मनापासून वाटत असे.

सीनियर कंजूष असतात, असे मी म्हणणार नाही. पैसे देणारे देतात आणि न देणारेही देऊ शकले असते, हे खरे. पण अडचण हिशेबाची आहे. मुंबईच्या पेढीत ज्युनियरचा तास बिलावर लिहिलेला असतो, म्हणून तो वसूल होतो. आमच्याकडे फी ठोक ठरते, ती हप्त्यांनी येते, पाऊस गेला तर शेवटचा हप्ता येतच नाही. आलेले पैसे सगळे एका नावावर येतात. त्यातून ज्युनियरला काही द्यायचे म्हणजे सीनियरला ते आपल्या खिशातून दिल्यासारखे वाटते. आणि पक्षकाराला तर ज्युनियर हा नारळाबरोबर मिळालेल्या सुपारीसारखा वाटतो.

शिकण्याची तीन-चार वर्षे फुकट कधीच नसतात. कोणीतरी ती भरतोच. मुंबईत ती बँक किंवा विमा कंपनी भरते. खानदेशात ती ज्युनियरचा बाप भरतो. ज्याच्या बापाला ती भरता येत नाहीत तो मुलगा वर्षभराने बार रूममध्ये दिसेनासा होतो. चौकशी केली तर कळते, एखाद्या फायनान्स कंपनीत वसुलीच्या नोटिसा पाठवायला लागला. मुलींचे तर याहून लवकर होते. घरचे म्हणतात, वर्ष झाले, एक रुपया आणला नाहीस, आता पुरे. हुशारीची गाळणी म्हणून आपण ज्याला वकिलीची उमेदवारी म्हणतो, ती पुष्कळदा घरच्या जमिनीची गाळणी असते.

दुसराही एक परिणाम होतो, आणि तो पक्षकाराला बाधतो. ज्याला महिन्याचे काही मिळत नाही, तो शेकड्याच्या मोहात पडतो. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता धुळ्यात एकमेकांना छेदतात. अपघात होतात, भरपाईचे दावे होतात. धरणे, कालवे, महामार्ग यांसाठी जमिनी गेल्या, वाढीव मोबदल्याचे दावे झाले. अशा कामांत "आता काही देऊ नका, निकाल लागला की शेकडा इतके द्या" ही भाषा कानावर येते. गरीब पक्षकाराला ती गोड लागते. पण बार कौन्सिलच्या नियमांनी ती निषिद्ध आहे. वसुलीतला निम्मा भाग ठरवून घेणाऱ्या मुंबईच्या एका वकिलावर १९५४ साली सर्वोच्च न्यायालयात शिस्तभंगाची कारवाई झाली. २०१७ साली तेलंगणातल्या एका प्रकरणात, अपघातात नवरा गमावलेल्या बाईकडून भरपाईच्या टक्क्यांनी फी मागणाऱ्या वकिलाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवला, आणि वकिलांच्या फीवर काही नियंत्रण हवे असेही म्हटले. माझ्या ओळखीच्या अनेक ज्युनियरांनी ही वाट धरली नाही. ज्यांनी धरली त्यांना मी फार नावे ठेवू शकत नाही. पण त्यांची पाठराखणही करीत नाही. विधवेच्या पैशातून शेकडा घेऊन कोणाची उमेदवारी निघू नये.

अलीकडे या बाबतीत काही हालचाल झाली आहे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सनद देताना राज्यांच्या बार कौन्सिलांनी कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेऊ नये. सर्वसाधारण उमेदवारांना ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १२५ रुपये. त्यापूर्वी ठिकठिकाणी हजारोंनी घेतले जात होते. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ज्युनियरांना किमान विद्यावेतन द्यावे असे म्हटले, आणि ऑक्टोबरमध्ये भारतीय बार कौन्सिलने परिपत्रक काढले. शहरी भागात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये, निदान तीन वर्षे. धुळे-जळगाव शहरी की ग्रामीण, यावर आमच्या बार रूममध्ये दोन दिवस वाद रंगला. महानगरपालिका दोन्हीकडे २००३ पासून आहे; पण फीच्या बाबतीत मात्र सगळ्यांना एकदम गाव आठवले. परिपत्रक शिफारशीचे होते, सक्तीचे नव्हते, म्हणून वाद तेथेच राहिला.

तो तेथे राहू देता येणार नाही असे मला वाटते, त्याला आणखी एक कारण आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेला बसण्यापूर्वी तीन वर्षांची वकिली हवी. दहा वर्षे मुरलेल्या वकिलाचा तसा दाखला आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचे शिक्कामोर्तब लागेल. न्यायाधीशाने न्यायालय आधी वकिलाच्या बाजूने पाहावे, हा हेतू चांगला आहे. माझा त्याला विरोध नाही. पण शिरपूरकडच्या आदिवासी पाड्यावरची एखादी मुलगी पदवी घेऊन न्यायाधीश व्हायचे म्हणते, तेव्हा तिला आता मध्ये ही तीन वर्षे काढायची आहेत. ती तीन वर्षे कोणी भरायची? तिच्या बापाला विचारून पाहा. शिवाय दाखला ज्याच्या हातात त्याच्याकडेच पैसे मागायचे, हे तिच्याने होणार नाही.

सरकारने एक दार उघडले आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून फौजदारी कामांसाठी लोकअभिरक्षकांची योजना आणली. तिच्यात सहायकाच्या जागेवर तीन वर्षांपर्यंतच्या अनुभवाचे, अगदी नवे वकीलही घेता येतात, आणि त्यांना महिन्याचे ठराविक मानधन मिळते. कैद्याला वकील मिळतो, वकिलाला काम मिळते. पण जिल्ह्यागणिक अशा जागा किती असणार?

म्हणून मी माझ्यापुरता एक हिशेब मांडला, तो सांगतो. १५ हजार रुपये द्यायचे. महिन्याला कामाचे दिवस २२ आणि दिवसाचे ८ तास धरले, तर तास होतात १७६. म्हणजे तासाला ८५ रुपये. मघाच्या मुंबईच्या २५०० शेजारी हे ८५ ठेवून पाहा. आता दुसऱ्या बाजूने मोजू. माझ्याकडे महिन्यात हलणाऱ्या फायली साठ धरल्या, तर एका फायलीमागे महिन्याला २५० रुपये पडतात. पक्षकार एका तारखेला गावाहून येतो तेव्हा गाडीभाडे, चहा-फराळ आणि बुडालेली मजुरी मिळून याहून अधिक घालवतो. १५ हजार हा आकडा ऐकून आम्ही सीनियर दचकतो. २५० ऐकून पक्षकार दचकत नाही. दोन्ही एकच आहेत. फक्त ते कागदावर वेगळे लिहिलेले नाहीत. लहान तालुक्याच्या ठिकाणी वीस फायलींवर चालणाऱ्या वकिलाला हा हिशेब जमणार नाही, हे मला कबूल आहे. त्याने दोघांत मिळून एक ज्युनियर ठेवावा, किंवा आठवड्याचे तीनच दिवस बोलवावे आणि बाकीच्या दिवशी त्याला स्वतःची कामे करू द्यावीत.

गेल्या आखाजीपासून मी पावतीवर दोन ओळी लिहितो. वर माझी फी, खाली ज्युनियरची. वकीलपत्रावर दोघांचीही नावे असतात. पहिल्या महिन्यात तिघा-चौघांनी खालची ओळ पाहून कुरकुर केली. एक अमळनेरकडचे आप्पा मात्र पावती उलटसुलट करून म्हणाले, "म्हणजे या दादाचे पैसे मी देतो का?" मी म्हटले, "हो, तुम्हीच." तेव्हा ते ज्युनियरकडे वळले आणि म्हणाले, "मग नुसती पुढची तारीख घ्यायची असेल तेव्हा मला बोलवू नका. तुम्हीच उभे राहा आणि संध्याकाळी फोन करून सांगा." तेव्हापासून तो मुलगा दर तारखेला त्यांना संध्याकाळी फोन करतो. आप्पांच्या चार फेऱ्या आतापर्यंत वाचल्या आहेत.